पाण्यात उतरण्याआधीचे काम

गेल्या अंकात याच सदरात पावसाळ्याच्या तयारीविषयी लिहिले, तेव्हापासून पाण्यातील बचावकार्याबद्दलची पत्रे येतच आहेत. बडोद्याला समुद्र नाही, पण विश्वामित्री नदी आहे, आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात तिने आपल्याला काय दाखवले ते कोणी विसरलेले नाही. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील एका लहान गावात राहतो. मी तिकडे गेले असताना एका सकाळी आम्ही पाव घ्यायला उभे होतो. तेवढ्यात दुकानदाराच्या कमरेचा पेजर वाजला आणि तो ॲप्रन गल्ल्यावर टाकून धावत सुटला. तो लाइफबोटीचा स्वयंसेवक असून या कामाचा त्याला पगार नाही, असे मुलाने सांगितले. बिनपगारी माणसांच्या भरवशावर समुद्रातले बचावाचे काम चालते तरी कसे? (दांडिया बाजार, बडोदे)

आपण पाहिलेला प्रसंग तिकडे नित्याचा आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवरील बहुतेक लाइफबोटी, म्हणजे जीवरक्षक बोटी, सरकार चालवत नाही. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही धर्मादाय संस्था ते काम पाहते. तिची स्थापना 4 मार्च 1824 रोजी लंडनमध्ये झाली. आयल ऑफ मॅन बेटावर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी आपल्या किनाऱ्यावर फुटणारी जहाजे पाहून त्यासाठी आवाहन केले होते, आणि पुढे वय झाल्यावरही ते स्वतः वल्ह्यांच्या बोटीतून बचावाला जात राहिले. आज संस्थेची 230 हून अधिक केंद्रे आहेत. खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून, त्यातही लोकांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेल्या रकमांतून भागतो.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र कामाच्या रचनेत आहे. संकटाची बातमी आधी तिथल्या तटरक्षक केंद्राकडे जाते. ते केंद्र लाइफबोट केंद्रातील जबाबदार व्यक्तीशी बोलते, आणि बोट काढायची की नाही हे ती व्यक्ती ठरवते. मग पेजर वाजतात. सुतार, शिक्षिका, बेकरीवाला, जो जिथे असेल तिथून निघतो, आणि आलेल्यांतून बोटीचा प्रमुख, ज्याला तिथे कॉक्सन म्हणतात, आपली माणसे निवडतो. उरलेले किनाऱ्यावर राहतात, पण रिकामे राहत नाहीत. ट्रॅक्टरने बोट पाण्यापर्यंत नेणारे, तिची परत येण्याची जागा उजळून ठेवणारे, वायरलेसवर कान देऊन बसणारे हे लोक बोटीवरच्यांसारखेच शिकून तयार झालेले असतात. अशा मोहिमेला ते ‘शाउट’ म्हणतात, म्हणजे हाक. हाकेवरून बोट परतली की मध्यरात्र उलटून गेलेली असली तरी ती गोड्या पाण्याने धुऊन, इंधन भरून, दोर जागच्या जागी ठेवूनच मंडळी घरी जातात, कारण पुढची हाक पहाटेच येऊ शकते.

पूर्वी हे स्वयंसेवक मुख्यतः मच्छीमार असत, त्यामुळे समुद्र त्यांना शिकवावा लागत नसे. आता बहुसंख्यांचा व्यवसायाने समुद्राशी संबंध नसतो. म्हणून दर आठवड्याला सराव असतो, आणि पूल या गावी संस्थेचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, जिथे एका मोठ्या तलावात कृत्रिम लाटा उठवून आणि दिवे मालवून उलटलेल्या बोटीखालून बाहेर पडण्याचा सराव करून घेतात.

त्या दुकानातली गिऱ्हाइके किती वेळ उभी राहिली हे आपण लिहिलेले नाही, पण ती कुरकुरली नसावीत असे मी धरून चालतो. दुकानदार दिवसाउजेडी दुकान सोडून जाऊ शकतो याला कारण त्याचे शेजारी दुकान सांभाळतात आणि कामावर असलेल्याला त्याचा मालक पगार न कापता सोडतो. बोटीत पाच-सहा जण दिसत असले तरी त्यांच्यामागे सगळे गाव उभे असते, आणि ते उभे नसेल तर बोट वर्षभरही टिकणार नाही.

कॉर्नवॉलचा उल्लेख आला आहे, म्हणून तिथलीच एक रात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 19 डिसेंबर 1981 च्या वादळात माउसहोल गावाची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी लाइफबोट, इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चाललेल्या ‘युनियन स्टार’ या मालवाहू जहाजाच्या मदतीला निघाली. कॉक्सन ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांच्याकडे लागत होती त्यापेक्षा जास्त माणसे आली होती. एका तरुणाला त्यांनी परत पाठवले, कारण त्याचे वडील आधीच बोटीत चढले होते आणि अशा रात्री एका घरातून एकच माणूस न्यायचा, असे त्यांनी ठरवले होते. बोटीने चौघांना उतरवून घेतल्याचे वायरलेसवर कळवले. उरलेल्यांसाठी ती पुन्हा जहाजाला भिडली आणि त्यानंतर तिच्याकडून काही ऐकू आले नाही. आठ स्वयंसेवक आणि जहाजावरचे आठ जण, अशी सोळा माणसे गेली. दिवस उलटायच्या आत त्याच गावातून नव्या बोटीसाठी पुरेशी माणसे पुढे आली, आणि परत पाठवलेला तो तरुण पुढे त्याच केंद्राचा कॉक्सन झाला. या हकिकतीत लाटांची उंची लोक आवर्जून सांगतात. मला मात्र धक्क्यावर उभे राहून, घाईच्या त्या चार मिनिटांत, एका मुलाला ‘तू नको’ असे सांगणारा माणूस आठवतो.

प्रश्न : आमची वसाहत विश्वामित्रीच्या काठाजवळ आहे. 2024 च्या पुरात बोट आमच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. आमच्या गणेशोत्सव मंडळाकडे काही रक्कम शिल्लक असून तीतून मंडळाची स्वतःची रबरी बोट घ्यावी, असे तरुणांचे म्हणणे आहे. ज्येष्ठांचा याला विरोध आहे. मी खजिनदार असल्याने दोन्ही बाजूंनी माझ्याकडेच पाहिले जाते. आपले मत कळवावे. (बडोदे)

तरुणांचा हेतू सोन्यासारखा आहे, आणि तरीही माझे मत असे की यंदा बोट घेऊ नये. पैसे वाया जातील म्हणून मी हे म्हणत नाही. बोट दारात उभी असली की पाण्यात उतरायचा मोह होतो, आणि तो आवरायला लागणारे शिक्षण आपल्या मंडळाकडे अजून नाही.

माझ्या हातून काय घडले ते आधी सांगतो. त्या ऑगस्टमध्ये काळाघोडा पुलाजवळ विश्वामित्रीचे पाणी 35 फुटांच्या वर गेले होते, तेव्हा आम्ही सहा जण एका ठिकाणाहून मिळालेली रबरी बोट घेऊन एका सोसायटीत निघालो. इंजिन सुरू होईना. टाकीतले पेट्रोल मागच्या पावसाळ्यातले होते आणि मधल्या वर्षभरात कोणी एकदाही इंजिन चालवून पाहिले नव्हते. मीही निघण्यापूर्वी विचारले नव्हते. शेवटी छातीभर पाण्यातून आम्ही बोट हातांनी ओढली. कोपऱ्यावर वळताना काहीतरी खरखरले आणि फुसकारा ऐकू आला. पाण्याखाली एका बंगल्याच्या कुंपणभिंतीवरचे लोखंडी भाले होते, ते डाव्या बाजूच्या रबरी नळीत घुसले होते. नळीत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात म्हणून बोट तरंगत राहिली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एका आजींना आम्ही साडीच्या झोळीत खाली घेतले तेव्हा त्या बोटीच्या मऊ झालेल्या कडेकडे पाहत होत्या, आणि काही बोलल्या नाहीत. आजी सुखरूप पोचल्या. आमच्याकडे एक बांबू असता आणि पुढे बसलेल्याने तो पाण्याखाली चाचपत ठेवला असता, तर तो भाला बोटीला लागलाच नसता.

पुराच्या पाण्यात असे कितीतरी अडथळे दडलेले असतात. उघडी गटारे, आडव्या पडलेल्या स्कूटर, लोंबणाऱ्या विजेच्या तारा दिसत नाहीत. गल्लीतले पाणी तळ्यासारखे संथ वाटते, पण जिथे गल्ली मोठ्या रस्त्याला किंवा कांसेला, म्हणजे पावसाळी नाल्याला, मिळते तिथे ओढ अचानक वाढते आणि बोट आडवी फिरते. माणसाजवळ जाताना बोट प्रवाहाच्या खालच्या अंगाने, प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून न्यायची असते, म्हणजे इंजिनाचा ताबा राहतो. वरून वाहत गेलात तर त्याच्याच अंगावर जाऊन आदळाल. पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याला वाहत्या पाण्यात सोडण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे आणि ती घातक आहे, कारण दोर ताणला की प्रवाह त्याच दोराच्या आधाराने माणसाला पाण्याखाली दाबतो. शिवाय विश्वामित्रीतल्या मगरी पुराबरोबर सोसायट्यांच्या आवारात येतात हे आपल्याला मी सांगायला नको. बोटीतून हात पाण्यात सोडायचे नाहीत आणि अंधारात पायी पाण्यात शिरायचे नाही, एवढे तरी मुलांना आजच सांगून ठेवा.

ऑगस्ट 2018 मध्ये केरळच्या मच्छीमारांनी आपल्या बोटी ट्रकवर चढवून आतल्या पूरग्रस्त गावांत नेल्या आणि हजारो माणसे बाहेर काढली, हे उदाहरण तरुण देतील आणि ते योग्यच आहे. पण ते लोक रोज पहाटे त्याच बोटी लाटांतून बाहेर काढत होते. आपल्या मुलांना तो हात कमवावा लागेल.

मग यंदा काय करावे? शिल्लक रकमेतून चांगली जीवरक्षक जाकिटे, पाण्यावर तरंगणारे दोर, लांब बांबू, शिट्ट्या आणि पाण्यात चालणारे टॉर्च घ्या. बुडणाऱ्याला आधी काठी द्यायची, काठी पुरत नसेल तर दोर फेकायचा, दोर पुरत नसेल तर बोट न्यायची, आणि स्वतः उडी घेण्याचा विचार अगदी शेवटी, तोही शिकलेल्याने करायचा, हा क्रम जगभर शिकवतात. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना बोट लागतच नाही. दोर फेकणे सोपे वाटते, पण वीस पावलांवर ठेवलेल्या बादलीत तो टाकून पाहा. पहिल्या रविवारी दहांतले दोन जमतील.

दुसरे काम वहीचे आहे आणि ते आपल्यासारख्या खजिनदाराने हाती घ्यावे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाला डायलिसिस लागते, कोण गरोदर आहे, कोणाची मुले परदेशी असून घरात दोघेच वृद्ध आहेत, ही यादी घरक्रमांकासह तयार असू द्या. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, आजवा सरोवराचे पाणी तिला मिळते, आणि शहरातून वळणे घेत ती पुढे ढाढर नदीला जाऊन मिळते. त्यामुळे शहरातला पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहू शकते. ते अवघे काही तास आपल्या हाती असतात. त्या वेळात यादीतली माणसे चालत वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे गेली, तर बोटीची वाट पाहणाऱ्यांची संख्याच कमी होते. पुरात बोट घेऊन येणाऱ्या जवानांना तर ‘या गल्लीत कोणत्या घरी आधी जाऊ?’ याचे उत्तर कोणी दिले की अर्धे काम झाल्यासारखे असते.

तिसरे असे की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी आपल्या जवळच, जरोदला आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती विभागामार्फत रीतसर पत्र द्या आणि प्रात्यक्षिकाची विनंती करा. आपल्या दहा जणांची नावे व दूरध्वनी क्रमांक त्याच विभागात आणि अग्निशमन दलाकडे नोंदवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तुमची माणसे त्यांच्या कामात अडथळा न होता हाताखाली येतील. वर्षभरानंतर त्या दहांपैकी आठ जण दर महिन्याच्या सरावाला येत असतील, बोट उन्हापासून आणि उंदरांपासून सांभाळायला कोरडी जागा असेल, आणि महिन्यातून एकदा इंजिन चालवून ताजे पेट्रोल भरायची जबाबदारी एका नावानिशी लिहिलेली असेल, तर बोट अवश्य घ्या. ज्येष्ठांची समजूत घालायला मी स्वतः येईन.

प्रश्न : मी शिक्षक आहे. शाळेच्या सहलीत मुलांना बोटीत बसवण्याची वेळ आली तर काय पाहावे? (वाडी, बडोदे)

हा प्रश्न आपल्या शहरात हलक्या मनाने विचारला जात नाही, हे मी जाणतो. 1993 मध्ये सूरसागर तलावात बोट उलटून 22 माणसे गेली. 18 जानेवारी 2024 रोजी हरणी तलावात सहलीला आलेली 12 मुले आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते.

तेव्हा बोटीची क्षमता किती हे आधी विचारा आणि डोकी स्वतः मोजा. प्रत्येक मुलाच्या अंगावर, शिक्षकांच्याही अंगावर, जाकीट असल्याशिवाय बोट धक्क्यावरून सुटू देऊ नका. जाकीट नुसते अडकवलेले चालत नाही. सगळे पट्टे बांधून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहा; ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटेल. लहान मुलांना लहान मापाचेच हवे. त्या मापाचे नसेल तर बोटीत बसणे रद्द करा, मुले रडली तरी.

एका जाकिटाने काय होते याचे जुने उदाहरण व्हिटबी या इंग्रज बंदराचे आहे. 9 फेब्रुवारी 1861 च्या वादळात तिथल्या लाइफबोटीने दिवसभरात पाच जहाजांवरची माणसे वाचवली आणि सहाव्या खेपेला ती उलटली. तेरांपैकी बारा जण गेले. वाचलेल्या हेन्री फ्रीमन यांच्या एकट्याच्या अंगावर त्या काळी नवे आलेले बुचाचे जाकीट होते.

समुद्रकिनारी सहल असेल तर तीन क्रमांक जवळ ठेवावेत : सर्वसाधारण आणीबाणीसाठी 112, समुद्रातील बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093.

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी आपत्ती बचावाच्या स्वयंसेवेत नाव घालायचे म्हणते. तिच्या वडिलांचा विरोध नाही, पण मला रात्री झोप लागत नाही. हे काम मुलींना झेपते का? (इंदूर)

ताई, झेपते. 7 सप्टेंबर 1838 रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ‘फॉरफरशायर’ जहाज खडकावर फुटले, तेव्हा दीपगृहाच्या रखवालदाराची 22 वर्षांची मुलगी ग्रेस डार्लिंग वडिलांबरोबर वल्ही मारत गेली. वडील खडकावर उतरून माणसे जमा करत होते तेवढा वेळ उसळत्या पाण्यात दोन्ही वल्ही एकटीने धरून तिने होडी खडकावर आपटू दिली नाही. लाइफबोट संस्थेतही 1969 मध्ये 18 वर्षांच्या एका विद्यार्थिनीने किनाऱ्यालगतच्या लहान लाइफबोटीचे नेतृत्व करण्याची पात्रता मिळवली, आणि आज मोठ्या बोटींवरही स्त्रिया कॉक्सन आहेत.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ ही योजना आहे. तीत 18 ते 40 वयाच्या नागरिकांना 12 दिवसांचे शिक्षण मिळते. आपल्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे हे जिल्हा आपत्ती कार्यालयात कळेल. मुलीला थांबवू नका, पण तिच्या प्रमुखांना भेटा आणि दोन प्रश्न विचारा : शिक्षण पुरे होण्याआधी तिला पाण्यात पाठवणार नाही ना, आणि एखाद्या दिवशी जिवंत माणूस हाती लागला नाही तर त्या रात्री तिच्याशी कोण बोलेल? दुसरा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. अशा कामातून घरी आलेल्या माणसाला जेवण वाढून, काहीही न विचारता, शेजारी बसून राहणारे कोणी लागते. ते आपण करू शकाल, आणि त्यासाठी आपली झोप थोडी जाईल, हे मी नाकारत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. काही लाइफबोटी उलटल्या तरी आपोआप सरळ होतात असे आजोबांनी सांगितले. हे कसे होते? (बडोदे)

आजोबांनी बरोबर सांगितले. एक प्लास्टिकची बाटली घे, तिच्या एका बाजूला आतून थोडी ओली माती चिकटवून वाळू दे, झाकण घट्ट लाव आणि बादलीत ती माती वर येईल अशी धर. सोडलीस की ती लगेच फिरेल आणि जड बाजू खाली जाईल. मोठ्या लाइफबोटीत इंजिनासारखे जड सामान अगदी तळाशी असते, आणि वरची केबिन झाकण लावलेल्या बाटलीसारखी बंद असते, तिच्यात हवा भरलेली राहते. बोट उलटली की हवा असलेला भाग वर यायला पाहतो, जड भाग खाली जायला पाहतो, आणि काही सेकंदांत बोट सरळ होते. मात्र दार उघडे राहिले तर पाणी आत शिरते आणि हे घडत नाही. म्हणून वादळात दार लावलेले आहे ना, हे खलाशी पुन्हा पुन्हा पाहतात. बाटलीचे झाकण काढून प्रयोग परत कर, म्हणजे कळेल.

मधल्या आकाराच्या उघड्या बोटींवर मागे एक कमान असते आणि तिच्यावर घडी केलेली हवेची पिशवी असते. बोट उलटली की खलाशी एक दोरी ओढतात, पिशवी फुगते आणि बोटीला सरळ करते. सर्वांत लहान रबरी लाइफबोटीला यातले काहीच नसते. तिचे खलाशी पाण्यातून उलट्या बोटीवर चढतात, एका बाजूला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरतात आणि सगळे मिळून मागे झुकतात, ती त्यांच्या अंगावरून वळून सरळ होईपर्यंत.